रंकाळा सपाट दिसतो, म्हणून पृथ्वी सपाट?

जयंतीचे कार्यक्रम नुकतेच आटोपले होते. एप्रिल अखेरचा रविवार होता आणि आमच्या शिवाजी पेठेत संध्याकाळी पंधरा-वीस मंडळी बोलत बसली होती. विषय मुलांच्या शिक्षणाचा होता. बोलता बोलता उद्यमनगरातील एका फौंड्रीत कामाला जाणारा तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "काका, पृथ्वी गोल हाय म्हणून तुमी पोरांना शिकवतासा. तुमी बघितलीसा काय?"

पोरगा थट्टा करतो आहे असे आम्हाला वाटले. पण तो गंभीर होता. तो म्हणाला, "मोबाईलवर सगळं दावत्यात. पृथ्वी सपाट हाय. गुरुत्वाकर्षण बिरत्वाकर्षण काय न्हाई. जड ते खाली बसतं, हलकं ते वर येतं, एवढंच. रोज भट्टीवर बघतो की मी. पातळ लोखंडावर स्लॅग तरंगतंय. त्याला न्यूटन कशाला लागतोय?"

सगळे खो खो हसले. खोटे कशाला सांगावे, आम्हीही हसलो. कुणीतरी म्हणाले, "चौथीच्या पुस्तकात बघ जा." पोराचा चेहरा उतरला. जाता जाता तो एक वाक्य बोलून गेला आणि ते आमच्या काळजात रुतले. "कुणी सांगितलं म्हणून मानू नका, पुस्तकात हाय म्हणून मानू नका, असं तुमीच सांगतासा न्हवं? मग आता पुस्तक का दावतासा?"

त्यानंतर तो यायचा बंद झाला. आठ दिवसांनी त्याची आई आमच्या घरी आली. पोराने संध्याकाळचा तांत्रिक वर्ग सोडला होता. शिकवतात ते सगळे खोटेच असेल तर फी कशाला भरायची, असे त्याचे म्हणणे. धाकटी बहीण दहावीत. तिच्याशीही रोज वाद. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकावर तो रेघोट्या ओढायला लागला होता. माउली म्हणाली, "भाऊ, त्यो वंगाळ न्हाई. पर तुमी समदी हासलासा."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पोराचे म्हणणे चूक होते, पण त्याचा प्रश्न चूक नव्हता. 'पुस्तकात आहे' हे आमचे उत्तरही पोथीतल्या उत्तरासारखेच होते. पृथ्वी गोल आहे हे आम्ही स्वतः तरी कधी तपासले होते? बी.कॉम. झालो, कारकुनीत वीस वर्षे गेली. दुसऱ्याच्या वहीतला एकही आकडा व्हाउचर पाहिल्याशिवाय आम्ही पुढे ओढला नाही. मात्र पृथ्वीचा आकार व्हाउचर न मागता मान्य केला होता!

आम्ही पोराच्या घरी गेलो. आधी हसल्याबद्दल माफी मागितली. मग म्हणालो, "मोबाईलही बाजूला ठेव, आमचे पुस्तकही बाजूला ठेवतो. दोघे मिळून तपासू. चूक निघाली तर आम्ही चारचौघांत कबूल करू." तो तयार झाला. बहीण वही-पेन्सिल घेऊन बसली.

घनता आणि गुरुत्वाकर्षण

पहिला मुद्दा त्याच्याच धंद्यातला. वितळलेल्या लोखंडावर स्लॅग तरंगते हे खरे. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो, हेही खरे. दाट-पातळाचा हा हिशेब खरा आहे आणि विज्ञान तो नाकारत नाही.

पण घनता म्हणजे काय? एखाद्या वस्तूत तिच्या आकारमानाच्या मानाने किती माल भरला आहे, तो आकडा. आकड्याला दिशा नसते. खात्यात शिल्लक किती आहे हे वही सांगते. पैसा या खात्यातून त्या खात्यात का गेला हे शिल्लक सांगत नाही, त्याला व्यवहार लागतो. लोखंड स्लॅगपेक्षा जड आहे एवढ्याने 'खाली' ही दिशा ठरत नाही. कोणीतरी दोघांनाही खाली ओढतो आहे. लोखंडाच्या वाट्याला ओढ जास्त येते, म्हणून ते खाली बसते आणि स्लॅग वर ढकलली जाते. गॅसचा फुगा वर जातो तोही याच कारणाने. भोवतालची हवा जास्त जड आहे, ती खाली घुसते आणि फुग्याला वर रेटते. ओढच नसेल तर तरंगणेही नाही आणि बुडणेही नाही.

पोरगा म्हणाला, "हे पण तुमी सांगतासाच की. दावा."

मुद्दा रास्त होता. आम्ही एक लिटरची प्लॅस्टिकची रिकामी बाटली घेतली आणि बुडाजवळ तापवलेल्या खिळ्याने भोक पाडले. बोटाने भोक दाबून पाणी भरले, झाकण उघडेच ठेवले. बोट काढताच पाण्याची धार बाहेर पडली. "आता धार लागलेली असतानाच बाटली जिन्यावरून खाली सोड," आम्ही म्हणालो. त्याने सोडली. बाटली पडत होती तेवढा वेळ धार थांबली! त्याचा विश्वास बसेना. त्याने सहा वेळा बाटली सोडली, बहिणीने मोबाईलवर चित्रण केले आणि ते हळू करून पाहिले. सहाही वेळा धार थांबलेली.

असे का झाले? पडताना पाण्याची घनता बदलली नाही, हवेची बदलली नाही, भोकही तेवढेच राहिले. मग धार का थांबावी? हातात धरलेल्या बाटलीत वरच्या पाण्याचे वजन खालच्या पाण्याला भोकातून ढकलते. बाटली सोडली की बाटली आणि पाणी एकाच वेगाने पडू लागतात, कुणी कुणावर भार टाकत नाही. धार काढणारी होती ती ओढ, घनता नव्हे. पोराने मान हलवली नाही, पण बाटली घरी ठेवून घेतली.

याच जातीचा मोठा प्रयोग १९७१ साली चंद्रावर झाला. अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा आणि पीस एकदम सोडले. तिथे हवा नाही, म्हणजे कशापेक्षा जड आणि कशापेक्षा हलके हा प्रश्नच नाही. तरी दोन्ही वस्तू पडल्या आणि बरोबरच टेकल्या. चंद्रावरचे सगळे बनावट आहे असे म्हणणाऱ्यांसाठी बंद खोलीतला दाखला आहे. इंग्लंडमध्ये १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी शिशाचे मोठे गोळे शिशाच्या लहान गोळ्यांजवळ आणले. लहान गोळे टांगलेल्या आडव्या दांडीला लावलेले होते. ते मोठ्या गोळ्यांकडे किंचित सरकले. सरकले ते आडवे, खाली नव्हे! 'जड ते खाली बसते' या नियमात आडव्या ओढीला जागाच नाही.

रंकाळ्यावरचे दोन सेंटिमीटर

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला रंकाळ्यावर घेऊन गेला. चौपाटीच्या कठड्यावर बसून म्हणाला, "बघा की. कुठं हाय वाक? पाणी कधी वाकतं काय?"

त्याचे खरे होते. रंकाळा आरशासारखा सपाट दिसतो. आम्ही म्हणालो, "गोल असता तर किती वाक दिसला असता, तो आधी काढू." पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर. इथून समोरचा काठ एक किलोमीटरवर धरला, तर तलावाच्या मध्यभागी पाण्याला येणारा फुगवटा निघतो फक्त दोन सेंटिमीटर. बोटाची दोन पेरेही नाहीत! वाऱ्याने उठणारी लाट त्याहून मोठी असते. रंकाळा सपाट दिसतो यावरून पृथ्वी फार मोठी आहे एवढेच कळते, ती सपाट आहे हे ठरत नाही. हाच हिशेब दहा किलोमीटरला केला तर फुगवटा दोन मीटर होतो आणि शंभर किलोमीटरला जवळजवळ दोनशे मीटर. अंतर दहापट झाले की फुगवटा शंभरपट होतो.

म्हणून वाक पाहायचा तर समुद्रावर जावे. कोल्हापूरची माणसे गणपतीपुळ्याला, मालवणला जातातच. वाळूत उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून दीड मीटरवर असतात. त्याला क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आतच लागते. तोच माणूस पन्नास मीटर उंचीच्या कड्यावर चढला तर क्षितिज पंचवीस किलोमीटरवर जाते. सपाट जमिनीवर चार पावले वर चढल्याने समुद्र एवढा वाढण्याचे कारण नव्हते. दूर जाणाऱ्या जहाजाचा आधी तळ बुडतो, मग डेक, शेवटी डोलकाठी किंवा धुराडे. व्हिडिओवाले म्हणतात, कॅमेऱ्याने झूम केले की जहाज परत दिसते. लहान झालेले जहाज झूमने मोठे होते हे खरे. पण पाण्याआड गेलेला तळ कितीही झूम केला तरी वर येत नाही. पुढच्या सहलीला ज्याच्या त्याच्या मोबाईलने हे पाहावे.

राहता राहिले, पाणी वाकत नाही हे. नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब पाहा, पाणीच आहे आणि गोल आहे. समुद्राचे पाणी पृथ्वीच्या मध्याकडे सर्व बाजूंनी सारखे ओढले जाते, म्हणून मध्यापासून सारख्या अंतरावर राहते. त्यालाच आपण पाण्याची पातळी म्हणतो. गवंड्याची लेव्हल-नळी हातभर भिंतीला सरळ रेष देते, पण त्या सरळपणाची मर्यादा त्या भिंतीपुरतीच आहे.

सूर्य मावळायला आला तेव्हा आम्ही आणखी एक तपासणी केली. व्हिडिओत म्हटले होते की सूर्य काही हजार किलोमीटर उंचीवर फिरतो आणि लांब गेला की मावळल्यासारखा वाटतो. तसे असेल तर लांब जाणाऱ्या गाडीच्या दिव्यासारखा तो लहान होत गेला पाहिजे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडावे आणि दोन मीटरवर पांढरा कागद धरून त्यावर पडणारा सूर्याचा ठिपका मोजावा. दुपारी दोन वाजता बहिणीने घराच्या गच्चीवर मोजला होता, दोन सेंटिमीटरला किंचित कमी. संध्याकाळी रंकाळ्यावर मोजला, तेवढाच. उजेड मंद झाला, ठिपका लहान झाला नाही.

काठीची सावली

खरा निकाल मे महिन्यात लागला. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दरवर्षी ६-७ मेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. ऑगस्टमध्ये आपल्याकडे पावसाचे ढग असतात, म्हणून मे महिनाच बरा.

त्या दिवशी पेठेतल्या गच्चीवर आम्ही एक मीटरची काठी ओळंबा लावून उभी केली. दिल्लीत आमच्या ओळखीचे एक कर्मचारी कुटुंब आहे आणि लंडनमध्ये नात्यातली एक मुलगी शिकते. दोघांनाही सांगून ठेवले होते की आपापल्या गावी भर दुपारी, सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा, एक मीटरच्या काठीची सावली मोजायची. कोल्हापुरात सावली शून्य. दिल्लीचा आकडा आला २१ सेंटिमीटर. लंडनचा आला ७० सेंटिमीटरला थोडा कमी.

आता दहावीच्या वहीचे काम. बहिणीने काठीचे आणि सावलीचे मोजमाप लहान करून त्रिकोण काढले आणि कोनमापक लावला. दिल्लीचा कोन १२ अंश, लंडनचा ३५ अंश. कोल्हापूर ते दिल्ली दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,३२० किलोमीटर, लंडनपर्यंत दक्षिणोत्तर सुमारे ३,८६०.

आधी पोराचे म्हणणे खरे धरून हिशेब केला. पृथ्वी सपाट आणि सूर्य जवळ. दिल्लीच्या सावलीवरून सूर्याची उंची निघाली सुमारे ६,३०० किलोमीटर. लंडनच्या सावलीवरून निघाली सुमारे ५,५५०. तो एकच सूर्य दिल्लीकरांसाठी एवढा उंच आणि लंडनकरांसाठी साडेसातशे किलोमीटर खाली कसा?

मग पृथ्वी गोल आणि सूर्य फार दूर असे धरले. १२ अंशाला १,३२० किलोमीटर, तर ३६० अंशाला किती? ३९,६००. ३५ अंशाला ३,८६० किलोमीटर, तर ३६० ला किती? ३९,७००. दोन वेगळ्या गावांच्या दोन वह्या आणि ताळा जमला! पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. पेठेतल्या गच्चीवर, एका काठीवर आणि कोनमापकावर आम्ही तिथवर पोहोचलो. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिसने असाच सावलीचा हिशेब केला होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फक्त दोन गावांच्या सावल्या मोजल्या असत्या तर निकाल लागला नसता. दोन सावल्या सपाट पृथ्वीतही बसवता येतात. तिसरे गाव घेतले की खोटी वही पकडली जाते. त्यामुळे सावलीचा एखादा अर्धवट प्रयोग दाखवून कोणी टाळ्या मिळवत असेल, तर तो गोल पृथ्वीच्या बाजूचा असला तरी त्यालाही तिसरे गाव विचारावे.

हा वाद मराठीत जुनाच

हे मोबाईलचे खूळ आहे असे आपण म्हणतो. पण हाच वाद मराठीत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी छापून झाला आहे. भोपाळजवळच्या सिहोर येथे लॅन्सेलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी होता. तिथल्या शाळेतील पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ साली 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हे पुस्तक मराठीत लिहिले. पुराणातील पृथ्वी, भास्कराचार्यांच्या सिद्धांतातील पृथ्वी आणि कोपर्निकसची सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी, तिन्ही शेजारी ठेवून त्यांनी तुलना केली. पुराणात पृथ्वीचा विस्तार पन्नास कोटी योजने सांगितला आहे. भास्कराचार्यांच्या हिशेबात घेर ४,९६७ योजने. दोन्ही एकदम खरे कसे असतील? लगेच १८३७ साली यज्ञेश्वर सदाशिव रोडे यांनी 'अविरोधप्रकाश' लिहून पुराण आणि सिद्धांत यांत विरोध नाही असे मांडले. त्याला सुबाजी बापूंच्या बाजूने उत्तर आले. असे हे रणकंदन! याच सिहोरच्या शाळेत शिकलेले महाराष्ट्रीय विद्वान बापूदेव शास्त्री पुढे काशीला गणित-ज्योतिष शिकवू लागले. विल्किन्सनने केलेले भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासले आणि ते १८६१ साली प्रसिद्ध झाले.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, ग्रंथ ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. आपल्या पोराला रंकाळ्यावर जे उत्तर द्यावे लागले ते त्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. मोठ्या वर्तुळाचा लहानसा तुकडा सरळच दिसतो. माणूस लहान, पृथ्वी मोठी, म्हणून त्याला ती सपाट वाटते. पृथ्वी आरशासारखी सपाट असती तर उंचावर फिरणारा सूर्य सगळ्यांना सदैव दिसायला हवा होता. आणि मेरू पर्वताआड गेल्याने रात्र होत असेल, तर मध्ये येणारा तो मेरू दिसत का नाही? जड वस्तूंना पृथ्वी आपल्या शक्तीने ओढून घेते, असेही त्यांनी म्हटले आहे.

आता आपल्या वाचकांना थोडे टोचेल असे सांगतो. त्याच ग्रंथात भास्कराचार्यांनी बौद्धांचेही खंडन केले आहे. पृथ्वी अवकाशात सतत खाली पडते आहे, असे मत त्या काळच्या बौद्धांच्या नावावर होते. त्यांनी विचारले की पृथ्वी खाली पडत असेल तर वर फेकलेला दगड तिला परत येऊन कसा गाठतो? वसुबंधूंच्या अभिधर्मकोशातही मेरू पर्वत आणि त्याभोवती चार द्वीपे असेच जग आहे. जपानमध्ये फुमोन एन्त्सू या भिक्खूने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मेरू पर्वताचे जग खरे ठरविण्यासाठी ग्रंथ लिहिला. श्रीलंकेत १८७३ साली पानदुरा येथे भिक्खू गुणानंद आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक यांचा गाजलेला वाद झाला, त्यातही मेरूचा प्रश्न निघाला होता.

पोथीतले जग सपाट होते म्हणून दुसऱ्यांना हसावे आणि आपल्या पोथीकडे डोळेझाक करावी, हा न्याय नव्हे. कालामांना तथागतांनी सांगितलेली कसोटी परक्याच्या ग्रंथाला लागते तशी आपल्याही ग्रंथाला लागते. परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावर मानू नका. स्वतः तपासा. जग अनंत आहे की सांत या प्रश्नावर बुद्धांनी उत्तर दिले नाही, बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत देऊन दुःखाकडे लक्ष वेधले, हे आपल्याला माहीत आहे. जगाचा नकाशा काढणे हे धम्माचे कामच नव्हते. मागाहूनच्या ग्रंथांनी काढला आणि तो चुकला. दलाई लामांनीही मेरूचे जग सोडून दिले पाहिजे असे म्हटले आहे. त्याने धम्माचे काही बिघडले नाही. आणि भास्कराचार्य तरी सगळीकडे बरोबर होते का? जड वस्तू हलक्यापेक्षा वेगाने पडते असे ते धरून चालले. गॅलिलिओनंतर ते टिकले नाही. चंद्रावरचा हातोडा आणि पीस आठवा.

वाद कसा घालू नये

इंग्लंडमध्ये सॅम्युएल रोबोथम याने १८३८ साली बेडफर्डच्या सरळ कालव्यावर सहा मैल दूरची बोट दिसते म्हणून पृथ्वी सपाट आहे असे जाहीर केले. १८७० साली जॉन हॅम्पडेन याने पाचशे पौंडांची पैज लावली. मोठे शास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ती स्वीकारली. त्याच कालव्यावर पाण्यापासून सारख्या उंचीच्या तीन खुणा लावल्या आणि दुर्बिणीतून मधली खूण वर दिसली. रोबोथमला बोट का दिसली होती? पाण्यालगतच्या हवेत प्रकाश वाकतो. भर उन्हात हमरस्त्यावर पाणी चमकल्यासारखे दिसते, त्याच जातीचा हा प्रकार. वॉलेस यांनी खुणा उंच लावल्या होत्या, म्हणून ते फसले नाहीत. पण हॅम्पडेनने हार मानली का? त्याने वर्षानुवर्षे वॉलेस यांची बदनामी केली, त्यासाठी तुरुंगातही गेला. पैज जिंकूनही वॉलेस यांना मनस्तापच झाला. माणसाला चारचौघांत हरवले की तो आपले मत आणखी घट्ट धरतो. आम्ही त्या रविवारी हसून नेमके तेच केले होते.

हिंगणघाटची कबर

शेवटी पोराने विचारले, "पर काका, समदे शास्त्रज्ञ मिळून खोटं बोलत असतील तर?"

तेव्हा आम्ही त्याला वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट सांगितले. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळून भारताची मोजणी सुरू केली. दक्षिणेकडून उत्तरेकडे साखळीने आणि कोनाने अंतर मोजत जाऊन पृथ्वीचा वाक नेमका किती, हे त्याला काढायचे होते. वीस वर्षे तो मोजत आला आणि १८२३ साली हिंगणघाटला मरण पावला. तिथे त्याची कबर आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. याच कामातून दिसले की डोंगराच्या वस्तुमानाने ओळंबासुद्धा किंचित डोंगराकडे ओढला जातो. गवंड्याच्या ओळंब्याला डोंगर ओढतो! हीही आडवी ओढच.

पण आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या मोजणीचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. ते डोंगरावर चढवणारे, जंगल तोडून वाट करणारे, रात्री खुणेचे दिवे धरणारे, तापाने मरणारे खलाशी आणि मजूर आपल्याच देशातले कष्टकरी होते. त्यांची नावे कुठल्या कबरीवर नाहीत. पृथ्वीचा गोल चार साहेबांनी खोलीत बसून ठरविलेला नाही. हजारो हातांनी तो मोजला आहे. हे सगळे खोटे म्हणायचे तर त्या हातांनाही खोटे म्हणावे लागेल. आपल्या वाडवडिलांना अक्षरापासून दूर ठेवले होते, त्या काळातही ज्ञानाचे ओझे वाहणारे खांदे त्यांच्यासारख्यांचेच होते.

पोरगा बराच वेळ गप्प होता. "पटलं" असे तो म्हणाला नाही आणि आम्हीही वदवून घेतले नाही. तो एवढेच म्हणाला, "पुढच्या मे महिन्यात काठी मी लावणार. आनि तिसरं गाव मी निवडणार." जून महिन्यात तो पुन्हा वर्गाला जाऊ लागला. बहिणीच्या पुस्तकावरच्या रेघोट्या त्यानेच खोडरबराने पुसल्या. काही पुसल्या गेल्या नाहीत, पेनाच्या होत्या.

आम्ही आमचा शब्द पाळला. पुढच्या बैठकीत उभे राहून सर्वांसमोर सांगितले की त्या दिवशी चूक आमची होती.

बंधू-भगिनींनो, घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या असे काही विचित्र बोलली तर हसू नका, दटावू नका आणि पुस्तक तोंडावर फेकू नका. शंका घेणे आपणच शिकविले आहे. पण शंका ही अर्धी वाट आहे, उरलेली अर्धी तपासणीची. ती वाट मुलांबरोबर चालायला वेळ द्यावा लागतो, एवढेच. मोबाईलवरचा माणूस शंका देऊन निघून जातो, काठी धरायला थांबत नाही. आपण थांबू.

६ आणि ७ मे या दोन्ही दिवशी दुपारी साडेबाराला आपापल्या गच्चीवर, अंगणात, विहाराच्या आवारात एक मीटरची काठी उभी करा. परगावच्या दोन नातेवाइकांना फोन लावा. एक रिकामी बाटली आणि एक खिळा घरात असतोच. मुलांच्या हातात कोनमापक द्या आणि हिशेब त्यांनाच करू द्या.